लाल दिव्याचा पितळी टोप

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार

आज ताईंचा अंबाडा मी बांधला. भाऊबीजेला दिघोरीहून आल्या तेव्हाच उजवा खांदा धरून होत्या, पण विचारलं की "काई नाई वं, झोपेत दबला असन" एवढंच. आज सकाळी केस विंचरायला हात वर नेला आणि कंगवा खाली पडला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंना रडताना मी यापूर्वी एकदाच पाहिलं, त्यांचे मालक गेले तेव्हा.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद, सत्यभामाबाई. नणंद आली म्हटलं की शेजारणी माझ्याकडे कीव करून बघतात. त्यांना काय ठाऊक! आम्हाला मूलबाळ नाही. लग्नानंतर चारेक वर्षांत सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती. तेव्हा ह्याच ताई मिळेल त्या गाडीनं भंडाऱ्याला आल्या आणि आईच्या तोंडावर म्हणाल्या, "दुसरी आणशीन तं मी ह्या घरचं पाणी पेणार नाई." तो विषय तिथंच संपला. ह्या घरात मला कुणाचा आधार वाटत असेल तर तो ताईंचा. ह्यांचा त्यानंतर. वहीत लिहायला काय हरकत आहे, हे काही वाचत नाहीत. ह्यांना दुकानाच्या पाटीवरचं स्वतःचं नाव, 'भैय्यालाल पितळी भांडार', एवढंच वाचायला आवडतं.

हे म्हणाले, "नागपूरले दाखवून आणू." दुकान सोडून जायला तयार झाले म्हणजे बहिणीवर जीव आहेच. तसं दुकानात हल्ली कोण येतं? मुलीच्या लग्नात द्यायला आता सगळ्यांना स्टील हवं. हे दिवसभर तीच ती घंगाळं पुसत बसतात.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

नागपूर झालं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. रोज हलवायला हवा आणि हलवण्याआधी शेकून सैल करायला हवा. शेक विटेचा नाही, लाल दिव्याचा. दवाखान्यात त्याची वेगळी खोली आहे. तिथल्या ललिताबाईंनी दिवा लावला आणि खोली अशी लाल झाली की ताईंनी माझं मनगट धरलं. "अवं शकुन, हे तं अंगावर होळी पेटवून राहिले." ललिताबाईंनाही हसू आलं.

रोज नागपूर कसं जमणार? म्हणून ह्यांनी तसाच दिवा विकत घेतला. उभी दांडी, त्यावर बल्ब आणि बल्बभोवती ॲल्युमिनियमचा टोप. ललिताबाईंनी मला बाजूला बसवलं. "शिकायचं असेल तर नीट शिका, नाहीतर दिवा परत करा," म्हणाल्या. मग सगळं करून दाखवलं. दिवा डोक्यावर टांगायचा नाही, बाजूनं लावायचा. अंगापासून दीड हाताच्या आत आणायचा नाही. कातडी कोरडी हवी, तेल नको, बाम नको. अंगावरचा दागिना काढायचा, तो आधी तापतो. डोळ्यांवर ओला रुमाल. आणि सगळ्याच्या आधी गरम पाण्याची बाटली, गार पाण्याची बाटली लावून विचारायचं, कळतं का? ज्याला कळत नाही त्याला हा शेक नाही.

"आणि शेक चालू असताना तुम्ही उठायचं नाही. तुमचा हात मधून मधून त्या जागी धरा. तुमच्या हाताला सोसत नसेल तर पेशंटलाही सोसत नाही, मग ती काहीही म्हणो."

मी विचारलं, जास्त तापवलं तर लवकर बरं होतं का? त्या म्हणाल्या, "सगळे हेच विचारतात. ऊब हवी, चटका नको. हे सोसायचं औषध नाही."

एसटीत टोपाला पोचा पडला. कुणाची तरी ट्रंक त्यावर आदळली. ह्यांचा चेहरा असा झाला की जणू ह्यांच्याच डोक्याला टेंगूळ आलं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून शेक. मधल्या खोलीत ताईंची बाज भिंतीला लावली, दिव्याच्या स्टँडसाठी जमिनीवर गेरूची रेघ ओढली. रेघेच्या पुढे दिवा जायचा नाही. ताई गुपचूप मोहाचं तेल चोळून बसल्या होत्या. मी साबण लावून खांदा धुतला. "तू तं मास्तरीण झाली वं," म्हणाल्या. झाले तर झाले. मॅट्रिक झाल्याचा ह्या घरात आजवर काय उपयोग झाला? लग्नाच्या पत्रिका वाचून दाखवायला.

मी माझा हात खांद्याजवळ धरून बसले. उन्हात वाळलेल्या गोधडीवर हात ठेवावा तशी ऊब. दिवा बंद केल्यावर कातडी जरा लालसर होती, थोड्या वेळात पूर्ववत झाली. ललिताबाईंनी सांगितलं होतं तसंच. मग ताईंनी भिंतीवर बोटं चालवली. कालपेक्षा दोन बोटं वर गेली असतील.

२८ नोव्हेंबर, बुधवार

ताईंनी आज स्वतः अंबाडा बांधला! तिरपा झाला, पण बांधला. मी पेढे आणले, ह्यांनी दोन खाल्ले.

शेजारच्या कौशल्याबाई गुडघा घेऊन येतात. त्यांच्या जावेची मान, पलीकडच्या कुंताबाईंची कंबर. दुपारी आमच्या मधल्या खोलीत बायकांचा बाजार असतो. एकीला दिवा, बाकीच्यांना गप्पा. मी पैसे घेत नाही, पण ऐकत नसेल तिला दिवाही लावत नाही. मनकर्णाबाई आल्या होत्या, पाऊल दुखतं म्हणून. गरम बाटली लावली तर म्हणाल्या गार आहे. मी शेक दिला नाही, दवाखान्यात जायला सांगितलं. बाकीच्या बायका जरा सरकून बसल्या. ज्या पायाला गरम कळत नाही त्याबद्दल लोकांच्या मनात महारोगच येतो, ते मलाही ठाऊक आहे. मनकर्णाबाई रागावून गेल्या. जाऊ देत. भाजून परत येण्यापेक्षा रागावून गेलेल्या बऱ्या.

ताई सगळ्यांना सांगतात, "माह्या शकुनच्या हाताले गुण हाये." मी नको नको म्हणते. ऐकायला मात्र गोड वाटतं.

८ डिसेंबर, शनिवार

हे संध्याकाळी उजव्या तळहाताला पट्टी बांधून आले. भट्टीवर पोळलं म्हणाले. दुकानदारी करणारा माणूस भट्टीजवळ कशाला जातो? कारागीर काय झोपले होते?

पण खुशीत होते. पिशवीतून नवा टोप काढला. पितळेचा, खोल, तपेलीसारखा, आतून असा घासलेला की त्यात ह्यांच्या मिशा मोजता येतील. "तो पोचा पडलेला टोप काहून वापरतेस? पितळेवाल्याच्या घरी ॲल्युमिनियम? लोक हासतीन." कौतुक वाटलं. माझ्यासाठी म्हणून ह्यांनी कधी काही करून घेतलं असेल तर हाच टोप.

रात्री लावून पाहिला. रेघेवर ठेवून हात धरला तर एका जागी चांगलंच पोळलं. मी स्टँड मागे ओढला. हे म्हणाले, "तुह्या मनाचे खेळ हायेत. दिवा तोच, बल्ब तोच, मंग गरम कुठून येईन?" त्यांचंही खरं, बल्ब तोच आहे. तरी मी रेघ पुसून एक हात मागे नवी ओढली. ह्यांना ते आवडलं नाही. मला म्हणायचं होतं की जुनाच बरा, पण एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू नको कशी म्हणू?

१९ डिसेंबर, बुधवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. माझं डोकं चालत नाही.

दुपारी हे दुकान सोडून घरी आले. बरोबर गोंदियाचे भांड्यांचे व्यापारी, सोमाजी. मी ताईंना शेक देत होते, पितळी टोप लावून, नव्या रेघेवरून. परका माणूस म्हणून मी उठू लागले, तर हे म्हणाले, "चालू दे. सोमाजी घरचेच हायेत." ताई भिंतीकडे तोंड करून, पदर घेऊन, फक्त खांदा आणि त्यामागची पाठीवरच्या फऱ्याची जागा उघडी ठेवून बसल्या होत्या. डोळ्यांवर रुमाल. मला अवघडल्यासारखं झालं. ताईंना मात्र काही वाटलं नाही, उलट ताठ बसल्या.

हे म्हणाले, "चहा ठेव." मी म्हटलं, शेक संपला की ठेवते. "मी बसलो हाये ना इथं. पाहुण्यासमोर काय वाद घालतेस?" मी उठले. स्टोव्ह पेटायला वेळ लागला, मग दूध नासलं म्हणून कौशल्याबाईंकडून आणलं. परत आले तर ताई दातांवर दात दाबून बसलेल्या. कपाळावर घाम. मी विचारलं, ताई, जास्त होतंय का? म्हणाल्या, "नाई वं, बरं वाटून राहिलं." मी हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. दिवा बंद केला. सोमाजी तोवर ओसरीवर गेले होते.

ताईंच्या फऱ्यावर तळहाताएवढी जागा लालभडक झाली होती. संध्याकाळी फोड आले. मोठे, पाण्यानं भरलेले. मी थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसले. ताई हूं की चूं करत नाहीत. हे आत-बाहेर करतात.

२० डिसेंबर, गुरुवार

कौशल्याबाई, कुंताबाई, सगळ्या ताईंना बघायला आल्या. कसं झालं विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी हे बोलले. "हिले किती डाव सांगितलं, दिवा लावून उठत जाऊ नोको. चहाच्या नावानं गेली अन् तिकडंच गप्पा मारत बसली."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कौशल्याबाई म्हणाल्या, "खरं हाये, आमच्याकडं दूध मांगायले आली होती." आली होतीच की मी.

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. दुखत असेल.

ह्यांनी असं का सांगितलं? घाबरून तोंडातून गेलं असेल. पण उठले ते मीच ना? ललिताबाईंनी शंभरदा बजावलं होतं. हे म्हणाले चहा ठेव, तर मी दिवा बंद करून उठायला हवं होतं. बटण दाबायला कितीसा वेळ लागतो?

२७ डिसेंबर, गुरुवार

ताई दिघोरीला निघून गेल्या. फोड फुटले आहेत, दवाखान्यात ड्रेसिंग चालू आहे, डॉक्टर जाऊ नका म्हणतात, तरी गेल्या. मी पाया पडले, म्हटलं, ताई, माझ्यामुळे झालं, मला दोन शिव्या द्या पण जाऊ नका. त्या म्हणाल्या, "तुह्यावर राग नाई वं. मले इथं राहवत नाई." हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

दिघोरीला पुतण्यांच्या घरात त्यांना कोण बघणार? इथं स्वतः अंबाडा बांधू लागल्या होत्या. आता त्या हाताला कुणी हात लावू देत नाहीत.

आज खोली सारवताना एक दिसलं. स्टँडच्या पायांचे ओरखडे माझ्या नव्या रेघेच्या पुष्कळ पुढे आहेत, जुनी रेघ होती त्याच्याही पुढे. म्हणजे त्या दिवशी मी दिवाच चुकीच्या जागी ठेवला होता? मला तर रेघेवर ठेवल्याचं पक्कं आठवतं. आता माझ्याच आठवणीवर माझा भरवसा राहिला नाही.

हे फार चांगले वागतात. शेवाळी रंगाचं लुगडं आणलं. बाहेर मात्र कुणी विचारलं की तेच सांगतात, चहाचं.

१५ जानेवारी १९८०, मंगळवार

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. निम्म्या बायका आल्या. आल्या त्या दारातूनच वाण घेऊन गेल्या. कुंताबाईंची सून कुजबुजली ते मी ऐकलं. "इनंच नणंदेले जाळलं." मनकर्णाबाईंना म्हणे शेक मिळाला नाही तेच बरं झालं, नाहीतर मी त्यांचाही पाय जाळला असता.

दिवा कोपऱ्यात उभा आहे. त्याच्याकडे बघवत नाही. मी काही करायला शिकले, कुणीतरी माझं नाव चांगल्या कामासाठी घेऊ लागलं, आणि ते सगळं एका चहाच्या आधणात गेलं. मला खूप राग येतो. स्वतःचा येतो, आणखी कुणाचा येणार?

२३ जानेवारी, बुधवार

सोमाजी आले होते. हे दुकानात नव्हते म्हणून घरी आले. पाणी दिलं. बसल्या बसल्या विचारलं, "वैनी, त्या बाईची पाठ कशी हाये आता? माह्या तं जीव त्या दिवशी वर-खाली होऊन राहिला होता."

मी म्हटलं, माझंच चुकलं, मी उठले.

ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं? शेठनंच तुमाले धाडलं. मले टोपाची करामत दाखवाची होती ना त्याइले. म्हणे, आमचा पितळी टोप लावला का दिवा दुप्पट काम करते, दवाखान्याइले विकू. अन् दिवा असा पुढं सरकवला. मी म्हटलं, शेठ, एवढ्या जवळ नोको, बाई हाये ते. तं हासून म्हणते, दुकानात दुसरा बल्ब लावून माह्या हातावर पाहून झालं, काई नाई होत. मले नाई पाहवलं बा. मी बाहेर जाऊन बसलो. माल काई मी घेतला नाई."

चांगला माणूस. त्याला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. पान खाऊन गेला.

माझ्यासाठी आणलेला टोप! मी त्याचं कौतुक केलं होतं. हाताची पट्टी, भट्टी, सगळं आता कळलं. स्वतःचा तळहात भाजून घेतल्यावर, ठाऊक असताना, ह्या माणसानं तो दिवा सख्ख्या बहिणीच्या पाठीजवळ नेला. आणि वर बायकांसमोर मला पुढं केलं. महिनाभर मी स्वतःला खात होते आणि तो समोर बसून जेवत होता.

२४ जानेवारी, गुरुवार

विचारलं. आधी साफ नाकारलं, मग सोमाजीचं नाव घेतल्यावर पाटावर बसून राहिले. "स्टीलनं दुकान खाल्लं माह्यं. एक वस्तू चालली असती तं तरलो असतो. मले काय ताईले जाळायचं होतं?"

मी म्हटलं, ते समजलं. माझं नाव का घेतलं?

"मंग काय सांगतो मी? भैय्यालालनं बहिणीवर टोपाचा नमुना दाखवला म्हणून? बाजारात उभा राहू देल्ला असता का कोणं? तुह्यं काय जाते? तू घरातच राहतेस."

म्हणजे बाजारात राहणाऱ्याला नाव असतं, घरात राहणारीला नसतं. मी एवढंच मागितलं, एका कौशल्याबाईंना खरं सांगा, बाकी गल्लीला त्या सांगतील. म्हणाले, "झालं ते झालं. आता काहून उकरतेस?"

पितळी टोप दुकानात न्यायला निघाले होते. मी हातातून काढून घेतला आणि फळीवर ठेवला. म्हटलं, हा ह्या घराबाहेर जाणार नाही. ओढाओढ करायची हिंमत झाली नाही भैय्यालालची. हो, नाव लिहिलं.

३० जानेवारी, बुधवार

दिघोरीला जाऊन आले. एसटीत सगळा वेळ एकच डोक्यात होतं, ताईंना सांगायचं. ताई, तुमच्या भावानं केलं, मी नाही. ताई ऐकतील, उठतील, त्या वेळी आईसमोर उभ्या राहिल्या तशा भावासमोर उभ्या राहतील. मी गल्लीचा विचारही सोडला होता. ताईंना कळलं की मला पुरे.

ओसरीवर एकट्याच तांदूळ निवडत होत्या, डाव्या हातानं. जखम भरली आहे, पण कातडी ओढली गेली आहे. खांदा पहिल्यापेक्षा आखडलाय. मी सगळं सांगितलं. त्या सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मालूम हाये."

मला वाटलं सोमाजी इथंही येऊन गेले. म्हटलं, कधी कळलं?

"त्याच दिवशी सकाळी. भैय्यानं सांगितलं होतं, ताई, आज पाहुणा येऊन राहिला, थोडं जास्त तापन, सोसजो, माह्या धंद्याचा सवाल हाये. शकुनले सांगू नोको, ते भेते. मी म्हटलं, लेकरा, तुह्यासाठी एवढं नाई सोसणार का मी?"

म्हणजे ताठ बसल्या होत्या त्या त्यासाठी. बरं वाटून राहिलं म्हणाल्या ते त्यासाठी.

मी म्हटलं, ताई, सगळ्या बायका मला बोलत होत्या, तुम्ही समोर होतात. एक शब्द का नाही बोललात?

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "भाऊ हाये वं तो माह्या. बाजारात नाव गेलं तं माणूस मरते. बाईच्या जातीले दोन बोल पडले तं काय होते? आपल्याले सवय असते." आणि डोळे पुसले. "म्हणून तं निघून आली. तुह्या तोंडाकडं पाहवत नव्हतं."

मी भांडले नाही. त्यांनी भात वाढला, मी जेवले. निघताना त्यांनी मोहाच्या तेलाची बाटली हातात दिली, मी ती घेतली नाही. त्यांच्यासाठी त्यांचा भाऊ होता, माझ्यासाठी त्या होत्या. त्यांनी मला दुसरी बायको येण्यापासून वाचवलं असं मी इतकी वर्षं समजत होते. आज वाटलं, तेव्हाही त्या भावाचंच घर सांभाळत होत्या की काय? हा विचार मनात आला याचंच सगळ्यात वाईट वाटलं. परतीच्या एसटीत मी तोंडावर पदर घेऊन रडले.

११ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना पुन्हा सांगून पाहिलं. कौशल्याबाईंना एकदा सांगा. म्हणाले, "तुले दुसरं काई सुचत नाई का?" नाही सुचत.

२३ फेब्रुवारी, शनिवार

बुधवारी दुकानात घंगाळ उचलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. दोघांनी धरून घरी आणलं. त्याच दिवशी म्हणाले, दिवा लाव. मी म्हटलं, ताज्या उसणेवर शेक देत नाहीत, दुखणं वाढतं, दोन दिवस पडून राहा. पडून राहिले. काल डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, आता शेकायला हरकत नाही.

आज दुपारी दिवा लावला. बाज भिंतीजवळ, हे पालथे. करदोडा काढून ठेवला, गरम-गार बाटली लावून विचारलं, डोळ्यांवर ओला रुमाल बांधला. ज्याला त्याला करते तसंच सगळं केलं. फळीवर दोन्ही टोप शेजारी शेजारी होते, धूळ बसलेले. एक काढला, फडक्यानं पुसला, बल्बभोवती बसवला. त्याचा खणखण आवाज झाला.

हे म्हणाले, "कोणता टोप लावला?"

मी एक पेच आवळत होते, दुसरा तोंडात होता, म्हणून बोलले नाही. दिवा लावला, सारवणात गेलेली रेघ दीड हातावर पुन्हा ओढून तिच्यावर उभा केला, बाजेशेजारी पाटावर बसले.

"शकुन, कोणता टोप लावला मनतो ना मी."

या वेळी तोंडात काही नव्हतं. तरी बोलले नाही.

कमरेजवळ माझा हात होता. नेहमीची ऊब होती, त्याहून काडीचं जास्त नाही. पण ह्यांच्या पाठीवर घाम फुटला. "गरम लागून राहिलं वं." मी म्हटलं, माझा हात आहे तिथं, मला सोसतंय. "तुले सोसते, मले नाई सोसत." उठायला गेले आणि उसण लागून तसेच खाली पडले. मग आवाज एकदम बारीक झाला. "शकुन, चुकलं माह्यं. मी सांगतो. कौशल्याबाईले आत्ता बोलाव, मी सांगतो."

शेक चालू असताना मी उठत नाही. खिडकीतूनच हाक मारली. कौशल्याबाई पदराला हात पुसत आल्या, पुरुष माणूस उघड्या पाठीनं पडलेला पाहून दारातच थांबल्या. ह्यांनी रुमालाखालूनच सगळं सांगितलं. "ताईले चटका माह्यानं बसला. चहाले मीच धाडलं होतं हिले. दिवा मीच पुढं नेला. हिचं काई चुकलं नव्हतं." आणि शेवटी म्हणाले, "आता बंद कर वं तो दिवा."

कौशल्याबाई माझ्याकडे बघत होत्या. "अवं माय, अन् आमी तुलेच बोललो," म्हणाल्या. त्या गेल्या. आत्तापर्यंत सगळ्या गल्लीत झालं असेल.

वेळ झाल्यावर दिवा बंद केला, पाठ कोरडी केली, रुमाल सोडला. हे कुशीवर वळले आणि पहिल्यांदा दिव्याकडे बघितलं. पोचा पडलेला ॲल्युमिनियमचा टोप. पितळी फळीवर होता तसाच.

"मंग सांगितलं काहून नाई?"

मी म्हटलं, तुम्हाला विचारावं का लागलं?

मी रुमाल वाळत घातला.

मला जे हवं होतं ते मिळालं. महिनाभर मागत होते ते अर्ध्या तासात मिळालं, आणि कसं मिळालं ते लिहायला हात जड होतो. माझी दया येऊन नाही, ताईंची आठवण येऊन नाही, स्वतःच्या पाठीच्या भीतीनं मिळालं. अठरा वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवतो, माझ्या हातचं पाणी पितो. त्याला वाटलं, मी त्याला जाळीन. पाठ भाजेल हे ठाऊक असून मी हात धरून बसेन, असं त्याला खरंच वाटलं.